हातात कुंचला घेतलेला सरदार

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाच्या दर्शनी बाजूला ब्राँझचा एक माणूस खुर्चीवर बसलेला आहे. हातात पॅलेट आणि कुंचला. आपल्याकडचे चौकातले पुतळे बहुतेक घोड्यावर असतात, नाहीतर एक हात वर करून कुठेतरी बोट दाखवत असतात. आपलं काम करत बसलेल्या माणसाचा पुतळा मी फारसा पाहिलेला नाही. हा दिएगो वेलास्केझ. त्याच्या जन्माला तीनशे वर्षं झाली त्या साली, म्हणजे १८९९ मध्ये, हा पुतळा उभारला. उत्तरेच्या दाराशी गोया उभा आहे, दक्षिणेच्या बाजूला वनस्पती उद्यानाकडे तोंड करून मुरिओ. कुठूनही आत शिरा, आधी चित्रकाराला ओलांडून जावं लागतं.

मी इचलकरंजीला एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवत असे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, वस्तुचित्राला तांब्या आणि ठोकळा मांडून द्यायचा, संकल्पचित्राच्या कोपऱ्यांत रंग बाहेर गेला की ओरडायचं, अशी नोकरी केली. दिवाळीनंतर दहावीचे शिक्षक दारात येऊन उभे राहायचे. “बाई, तुमचा तास मिळेल का? पोर्शन राहिलाय.” तास मिळायचाच, कारण तो मागण्याची पद्धत फक्त सभ्यतेपुरती होती. चित्रकला हा हाताचा विषय आणि गणित डोक्याचा, त्यामुळे कुणाचा तास कुणाला जायचा हे ठरलेलंच होतं. ही कुरकुर इथे सांगण्याचं कारण असं की प्रादोत मला भेटलेले बहुतेक मोठे चित्रकार याच अपमानाशी आयुष्यभर भांडत होते. राजवाड्यात राहूनसुद्धा.

माझी भाची माद्रिदला शिकते. तिने आधीच बजावलं होतं, “मावशी, हजारो चित्रं आहेत. सगळी बघायला गेलीस तर एकही दिसणार नाही. स्पेनचेच चित्रकार बघ. टिशियन, बॉश, रुबेन्स दिसले की नमस्कार कर आणि पुढे चल.” हा सल्ला सोन्यासारखा होता, जरी बॉशसमोर मी तो मोडला.

इमारतीची गोष्ट थोडक्यात सांगते. हुआन दे विय्यानुएवा या वास्तुकाराने १७८५ मध्ये हिचा आराखडा केला तो निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी. मग नेपोलियनच्या फौजा आल्या, युद्ध झालं, आणि शेवटी १८१९ च्या नोव्हेंबरात इथे राजघराण्याच्या संग्रहातली चित्रं लोकांसाठी मांडली गेली. म्हणूनच प्रादोत फिरताना हे सरकारी खरेदीतून जमवलेलं संग्रहालय वाटत नाही. काही पिढ्यांच्या राजांना काय आवडलं ते इथे लटकलेलं आहे. या राजांच्या हातून राज्य कसं चाललं याबद्दल इतिहासकार फारसं बरं बोलत नाहीत, पण चित्रं त्यांना कळत होती.

यातला चौथा फिलिप आपल्यालाही अगदी परका नाही. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजांकडे होता, त्यामुळे गोव्याचा व्हाइसरॉय त्यांच्या नावाने कारभार करायचा. शाळेच्या सहली घेऊन मी जुन्या गोव्यात गेले आहे, व्हाइसरॉयच्या कमानीखाली मुलांना रांगेत उभं केलं आहे. त्या काळचा मालक असा समोर भिंतीवर भेटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. लांबट चेहरा, पुढे आलेली हनुवटी, वर वळवलेल्या मिशा. वेलास्केझ १६२३ मध्ये सेव्हिलहून दरबारात आला तेव्हा राजा अठरा वर्षांचा होता. त्यानंतर सदतीस वर्षं या चित्रकाराने तोच चेहरा पुन्हा पुन्हा रंगवला. एकामागून एक बघत गेलं की डोळ्यांखालची सूज वाढत जाते, हनुवटी जड होते, आणि कपडे मात्र अधिकाधिक साधे, काळे होत जातात.

मग १२ नंबरचं दालन. ‘लास मेनिनास’ इथे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. गर्दी ज्या दिशेने सरकते तिकडे सरकायचं.

छापील चित्रात हे किती मोठं आहे ते कळत नाही. उंची तीन मीटरहून जास्त, रुंदी पावणेतीन मीटरच्या आसपास. कॅनव्हासच्या तीन उभ्या पट्ट्या शिवून एवढं कापड केलेलं आहे. पुढची माणसं जवळजवळ आपल्या मापाची. १६५६ सालचं हे चित्र. राजवाड्यातली एक उंच खोली, मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, तिच्या दोन बाजूंना दोन सख्या. या सख्याच मेनिनास. उजवीकडे दरबारातली ठेंगणी बाई मारी बार्बोला थेट आपल्याकडे बघते, तिच्या शेजारचा छोटा निकोलास झोपाळू कुत्र्याच्या पाठीवर पाय ठेवतो. मागे दार उघडं, पायऱ्यांवर एक अधिकारी थबकलेला. डावीकडे प्रचंड कॅनव्हासपुढे स्वतः वेलास्केझ, हातात लांब दांड्याचा कुंचला. आणि मागच्या भिंतीवर एका आरशात धूसर दिसणारे राजा-राणी.

राजा-राणी आरशात आहेत म्हणजे ते कुठे उभे असतील? आपण उभे आहोत तिथे. हे लक्षात आलं की लोक नकळत मागे वळून बघतात. मीही पाहिलं. मागे एक जपानी जोडपं होतं.

वेलास्केझ त्या मोठ्या कॅनव्हासवर काय रंगवतो आहे, याच्यावर विद्वानांनी ग्रंथ लिहिले आहेत. राजा-राणीचं चित्र, की राजकन्येचं, की हेच चित्र? आपल्याला त्या कॅनव्हासची पाठ तेवढी दिसते, आणि ती उघडी करून दाखवायची त्याची इच्छा नव्हती, हे उघड आहे. मी त्या वादात पडत नाही. शिक्षिकेची नजर दुसरीकडेच जाते. चित्राचा वरचा निम्मा भाग बघा. तिथे काही नाही. अंधारलेलं छत, त्यात दिव्यांसाठी लावलेले दोन रिकामे आकडे, भिंतीवर काळवंडलेली चित्रं. परीक्षेत एखाद्या मुलाने एवढा कागद रिकामा सोडला असता तर परीक्षकाने गुण कापले असते. इथे त्या रिकाम्या जागेमुळेच खोलीला उंची येते आणि खालची माणसं खरोखर जमिनीवर उभी राहतात.

आता जवळ जायचं. दोरीपर्यंत जाता येतं, तेवढं पुरतं. दुरून राजकन्येच्या बाहीवर चांदीची झालर, केसांत फीत, हातात नाजूक काहीतरी असं सगळं दिसतं. जवळ गेलं की तिथे झालर नाही, फीत नाही. पांढऱ्या, करड्या आणि लाल रंगाचे फटकारे आहेत, काही तर घाईघाईत पुसल्यासारखे. पुन्हा चार पावलं मागे आलं की झालर जागेवर. ज्या हाताने वेलास्केझने कुंचला धरला आहे तो हात बघा. बोटं धड रंगवलेलीच नाहीत, दोन-चार फटकाऱ्यांत सोडून दिली आहेत. काम करणारा हात स्थिर नसतो, म्हणून तो असा हलता ठेवला असावा, असं माझं मत.

एक सखी राजकन्येपुढे तबकात लाल मातीचं छोटं भांडं धरते आहे. असली सुगंधी मातीची भांडी तेव्हा मेक्सिकोहूनही यायची. त्यातलं पाणी गार आणि सुवासिक व्हायचं, आणि पाणी संपल्यावर दरबारातल्या बायका भांड्याचा तुकडा मोडून खायच्या. रंग गोरा राहतो, अशी समजूत. आपल्याकडे गरोदर बाईला ओल्या मातीचे डोहाळे लागतात, तिथे त्याची फॅशन झाली होती.

हे चित्र आपल्यापर्यंत पोचलं हेच नवल. १७३४ च्या नाताळाच्या आदल्या रात्री माद्रिदचा जुना राजवाडा पेटला. कॅनव्हास चौकटींतून सोडवून खिडक्यांतून बाहेर टाकले गेले, तरी पाचशेहून जास्त चित्रं जळाली. ‘लास मेनिनास’ वाचलं, पण राजकन्येचा गाल खराब झाला होता, तो नंतर दुरुस्त केला. दोनशे वर्षांनी, स्पेनच्या यादवी युद्धात प्रादोवर बॉम्ब पडले तेव्हा इथली निवडक चित्रं ट्रकांतून वॅलेन्सियाला हलवली. ‘लास मेनिनास’ची पेटी इतकी उंच होती की आरगांदाच्या पुलाच्या लोखंडी कमानींखालून ट्रक जाईना. मग पेटी उतरवून, रात्रीच्या वेळी, लाकडी रुळांवरून माणसांनी पुलापार ढकलत नेली. पुढे तो सगळा ऐवज जिनिव्हाला गेला आणि १९३९ मध्ये परत आला.

चित्रातल्या वेलास्केझच्या छातीवर एक लाल क्रॉस आहे. तो सांतियागो या सरदारी पंथाचा. अडचण अशी की चित्र १६५६ चं आणि सरदारकी मिळाली १६५९ च्या नोव्हेंबरात. म्हणजे क्रॉस मागाहून रंगवलेला. राजाने तो स्वतःच्या हाताने रंगवला अशी एक गोड दंतकथा आहे. ती खरी मानायची गरज नाही. ही सरदारकी मिळवायला काय करावं लागलं, ती खरी हकीकत दंतकथेपेक्षा जास्त बोलकी आहे.

राजाने वेलास्केझचं नाव पुढे केलं, तरी सरदारी पंथांच्या मंडळाचे नियम आडवे आले. उमेदवाराच्या घराण्यात ज्यू किंवा मूर रक्त नको. आणि त्याने हाताचं काम करून पोट भरलेलं नको. चौकशी अधिकारी गावोगाव फिरले आणि १४८ साक्षी नोंदवल्या. झुर्बारान, आलोन्सो कानो यांच्यासारखे नामांकित चित्रकार साक्षीला आले आणि त्यांनी शपथेवर सांगितलं की या माणसाने कधी दुकान मांडलं नाही, कधी चित्र विकलं नाही, जे रंगवलं ते स्वतःच्या आनंदासाठी आणि राजाच्या आज्ञेने. ज्यांचं स्वतःचं घर चित्रं विकून चालत होतं त्यांनी हे सांगितलं! एवढं होऊनही मंडळाने घराणं पुरेसं खानदानी नाही म्हणून अडवलंच. शेवटी पोपकडून सूट आणावी लागली. सरदारकी मिळाल्यावर वेलास्केझ वर्षभरही जगला नाही. १६६० च्या ऑगस्टमध्ये तो गेला, तोही राजाच्या थोरल्या मुलीच्या लग्नासाठी फ्रान्सच्या सीमेवर मंडप, पडदे आणि मुक्कामाची व्यवस्था लावून थकून आल्यावर. दरबारात त्याच्याकडे वाड्याच्या व्यवस्थेचं मोठं पद होतं. त्या पदामुळे मान वाढला आणि चित्रं कमी झाली. त्याची सगळी मिळून शंभर-सव्वाशे चित्रं आज ओळखली जातात, त्यातली पन्नासच्या आसपास एकट्या प्रादोत आहेत.

एल ग्रेकोने हेच भांडण दुसऱ्या रस्त्याने केलं होतं. क्रीट बेटावरून व्हेनिस, रोम करत तो १५७७ मध्ये टोलेडोला पोचला आणि तिथलाच झाला, तरी सही शेवटपर्यंत ग्रीक लिपीत करत राहिला. पैशांवरून त्याचे खटले सारखे चालायचे. इल्येस्कास गावच्या कर वसुली करणाऱ्याने त्याच्याकडे विक्रीकर मागितला, तेव्हा चित्र हा बाजारातला माल नाही असं म्हणत तो कोर्टात गेला आणि जिंकला. त्याची लांबट, ज्योतीसारखी वर चढणारी माणसं मला तितकीशी आवडत नाहीत. पण ‘छातीवर हात ठेवलेला सरदार’ या चित्रासमोर मी बराच वेळ थांबले. काळे कपडे, पांढरी झालर आणि तो हात, मधली दोन बोटं जुळवलेली. सगळं चित्र त्या बोटांपाशी येऊन थांबतं.

‘लास मेनिनास’ मधली ती मागच्या भिंतीवरची काळवंडलेली दोन चित्रं आठवा. त्यातल्या एकात देवी मिनर्व्हा अराक्ने नावाच्या विणकर मुलीला शिक्षा करते आहे. रुबेन्सच्या मूळ चित्रावरून वेलास्केझच्या जावयाने केलेली ती प्रत होती. ही अराक्ने वेलास्केझला सोडायला तयार नव्हती असं दिसतं, कारण थोड्याच काळात त्याने तिच्यावर स्वतंत्र मोठं चित्र केलं. ‘लास इलांदेरास’, म्हणजे सूत कातणाऱ्या बाया. इचलकरंजीच्या माणसाने प्रादोत एकच चित्र बघायचं असेल तर हे बघावं.

समोर अंधाऱ्या कारखान्यात पाच बाया कामाला लागलेल्या. डावीकडे म्हातारी चरख्यावर, पाय उघडा. उजवीकडे तरुण मुलगी आपल्याकडे पाठ करून लडीवरून सूत गुंडाळते. मधली वाकून लोकर वेचते आहे आणि तिचा चेहरा जवळजवळ रंगवलेलाच नाही, सावलीचा एक डाग आहे नुसता. जमिनीवर पिंजलेल्या लोकरीचे पुंजके, एक मांजर. मागे दोन पायऱ्या चढून उजळलेली खोली, तिथे उंची कपड्यांतल्या बायका भिंतीवरचा एक विणलेला पडदा बघताहेत.

त्या चरख्याकडे बघा. चाकाला आरे नाहीत. फिरणाऱ्या चाकाचे आरे दिसत नसतात, दिसते ती एक चकाकती धूसर तबकडी. आमच्या गावात यंत्रमागाच्या कारखान्यात बॉबिन भरताना हेच दिसतं, आणि मुलांना स्मरणचित्रात चाक काढायला सांगितलं की ती तरीही मोजून आरे काढतात, कारण आरे असतात हे त्यांना माहीत असतं. छायाचित्रणाचा शोध लागायच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी या माणसाने माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसलेलं रंगवलं.

शेकडो वर्षं लोक या चित्राला माद्रिदच्या एका विणकामाच्या कारखान्याचं दृश्यच समजत होते. १९४८ मध्ये एका स्पॅनिश अभ्यासकाने मागच्या खोलीतली गोष्ट ओळखली, आणि त्याच सुमारास मूळ मालकाच्या १६६४ च्या यादीतही ‘अराक्नेची कथा’ अशी नोंद सापडली. अराक्ने ही रंगाऱ्याची मुलगी, विणकामात इतकी तरबेज की तिने देवीलाच आव्हान दिलं. देवीला तिच्या कामात खोड काढता येईना, तेव्हा रागाने तिला कोळी करून टाकलं. वेलास्केझच्या चित्रात अराक्नेने विणलेला पडदा म्हणजे टिशियनचं एक प्रसिद्ध चित्र आहे, जे तेव्हा स्पेनच्या राजाकडेच होतं. रुबेन्सने माद्रिदला आल्यावर त्या टिशियनची केलेली प्रत आजही प्रादोत आहे. सर्वश्रेष्ठ चित्रकाराचं चित्र विणकर पोरीच्या नावावर टाकायचं, देवीला पार मागच्या खोलीत ढकलायचं आणि सगळ्यात पुढे, आपल्या अंगावर येतील अशा मापाच्या, सूत कातणाऱ्या मजूर बाया मांडायच्या. सरदारकीसाठी ‘मी हाताचं काम करत नाही’ असं ज्याच्या वतीने शपथेवर सांगितलं गेलं, त्याने त्याच सुमारास हे रंगवलं आहे.

त्याच्या विदूषकांच्या चित्रांबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यांच्यासमोर फार बोलवत नाही. स्पेनच्या दरबारात करमणुकीसाठी ठेंगणे, अपंग, मंदबुद्धी लोक पगारावर ठेवले जात. वेलास्केझने त्यांना राजाच्या चित्रांइतक्याच गांभीर्याने रंगवलं. एक जण जमिनीवर पाय पसरून बसला आहे, बुटांचे तळवे आपल्याकडे, मुठी कमरेशी, आणि नजर अशी की आपण आपली नजर काढून घेतो. पाब्लो दे वायादोलिद नावाचा दुसरा उभा आहे. त्याच्या चित्रात जमीन आणि भिंत यांच्यामधली रेषच नाही, तरी तो तरंगत नाही. १८६५ मध्ये फ्रेंच चित्रकार माने प्रादोत आला आणि या एका चित्राने हरखून गेला.

आणखी एक नाव सांगितलंच पाहिजे. हुआन दे पारेहा हा वेलास्केझचा गुलाम, आणि त्याच्या चित्रशाळेतला मदतनीस. रोममध्ये १६५० साली मालकाने त्याचं जे व्यक्तिचित्र केलं ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद झाला. प्रादोकडे पारेहाने स्वतः रंगवलेलं सव्वातीन मीटर रुंदीचं ‘संत मॅथ्यूला बोलावणं’ हे १६६१ चं चित्र आहे. त्यात डाव्या कडेला पारेहा उभा आहे, हातात एक कागद, आणि कागदावर त्याची सही.

झुर्बारानचं भांड्यांचं स्थिरचित्र छोटं आहे, बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून जातात. काळ्या पार्श्वभूमीवर चार भांडी एका ओळीत. एक धातूचं, बाकी मातीची, कुणी कुणाला झाकत नाही. आम्ही मुलांना शिकवतो की वस्तू एकामागे एक मांडा, नाहीतर चित्र सपाट होतं. या बाबाने सपाट रांग लावली आहे, आणि प्रत्येक भांड्याच्या कडेवर प्रकाश इतक्या काळजीने टेकवला आहे की आपण एकेका भांड्यापाशी वेगळे थांबतो. त्याचंच पाय बांधलेलं कोकरूही छोटंच. ओली वाटणारी लोकर, जुळवलेले खूर, बाकी नुसता काळोख. शाकाहारी माणसाने जेवणाआधी बघू नये, मांसाहारी माणसाने तर मुळीच नाही.

मुरिओच्या दालनात एक बाई ॲप्रन घालून प्रत करत बसल्या होत्या. ईझलखाली कापड अंथरलेलं, शेजारी चिंध्या. प्रादोत रीतसर परवानगी काढून अशा प्रती करता येतात. मात्र मूळ चित्राच्याच मापाची प्रत करता येत नाही, नाहीतर उद्या खरं-खोटं कसं ओळखायचं? पिकासोनेही पोरवयात इथे वेलास्केझच्या प्रती केल्या होत्या. बाईंनी देवदूताच्या पायाचा रंग बराच वेळ मिसळला, लावला, आणि पुसून टाकला. माझी भाची कंटाळून पुढे गेली. मी नाही गेले.

गोयाकडे येईपर्यंत पाय दुखायला लागतात, पण त्याला उरलेल्या वेळात उरकता येत नाही. त्याची सुरुवात विणकरांसाठी झाली. राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायचे विणलेले पडदे करण्यासाठी कारागिरांना समोर ठेवायला जी मूळ चित्रं लागत, ती त्याने १७७५ पासून साठाहून जास्त केली. छत्रीखाली बसलेली तरुणी, पतंग उडवणारे, आंधळी कोशिंबीर. ‘आंधळा गिटारवाला’ हे मोठं चित्र तर कारागिरांना विणायला फार अवघड म्हणून त्याच्याकडे दुरुस्तीला परत आलं. डिझाईन मागावर चढत नाही म्हणून कागद परत येतो, हे आमच्या गावात कुणालाही समजेल.

१७९३ पर्यंत एका आजारात गोया पूर्ण बहिरा झाला. १८०० साली त्याने चौथ्या कार्लोसचं सगळं कुटुंब रंगवलं आणि मागे डावीकडे, अंधारात, कॅनव्हासपुढे उभा असलेला स्वतःही. ‘लास मेनिनास’ची ती उघड आठवण आहे. मग फ्रेंच आले. ‘३ मे १८०८’ हे १८१४ चं चित्र आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे छापलेलं पाहिलेलं असतं. पांढरा सदरा घातलेला माणूस दोन्ही हात वर करून, समोर बंदुका. प्रत्यक्षात जाणवतं ते हे की सैनिकांना एकही चेहरा नाही, सगळ्यांच्या पाठी, आणि जमिनीवरच्या रक्ताचा रंग वाळलेला, ओरबाडलेला. उजेड एका कंदिलाचा, तोही मारणाऱ्यांनीच आणलेला.

त्याची ‘काळी चित्रं’ तळमजल्यावर आहेत. एकूण चौदा. म्हातारपणी माद्रिदबाहेरच्या घराच्या भिंतींवर थेट तैलरंगात काढलेली, कुणाला न दाखवलेली, नाव न दिलेली. आज जी नावं आहेत ती इतरांनी दिलेली. घर पडायच्या आधी, १८७४ पासून, ती भिंतींवरून कॅनव्हासवर उतरवली. त्यात बराच रंग गेला. पुढे मालकाने ती १८८१ मध्ये देशाला देऊन टाकली. मुलाला खाणारा सॅटर्न सगळ्यांना आठवतो. मला तिथला कुत्रा आठवतो. मोठा पिवळसर रिकामा कॅनव्हास, आणि खाली कुठेतरी वर बघणारं एवढंसं डोकं. त्या दालनात लहान मुलं घेऊन जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

आता जाणाऱ्यांसाठी. प्रादो १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर सोडून रोज उघडं असतं. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते रात्री ८, रविवारी आणि सणाच्या दिवशी ७ पर्यंत. शेवटचे दोन तास सगळ्यांना फुकट, पण त्याची रांग आधीपासून लागते आणि दोन तासांत वेलास्केझ आणि गोया दोघं होत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिकीट काढून सकाळी दहालाच आत जावं आणि थेट १२ नंबरच्या दालनाकडे निघावं, गर्दी तिथे पोचायच्या आत. आत फोटो काढायला बंदी आहे. सुरुवातीला चिडचिड होते, नंतर बरं वाटतं, कारण पुढच्या माणसाचा मोबाइल मध्ये येत नाही. पिकासोचं ‘गेर्निका’ इथे नाही, ते चालत दहा-पंधरा मिनिटांवरच्या रेना सोफिया संग्रहालयात आहे. त्यासाठी मंगळवार धरू नका, त्या दिवशी ते बंद असतं.